वडिलांचं बीपी 156/98 निघालं. उपकेंद्र, खानापूर की थेट बेळगाव? आणि व्यायामाचं काय?

शिवारातली:

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेबाचं काम करते, रोज बसने ये-जा.

आमच्या आशाताई घरी येऊन बाबांचा फॉर्म भरून गेल्या. टेपने कंबर मोजली, 98 सेंटीमीटर. तंबाखू खाता का, दारू घेता का, घराण्यात कुणाला बीपी-शुगर होती का, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचे गुण जास्त झालेत, उपकेंद्रात येऊन जावा." बाबांना वाटलं गुण जास्त म्हणजे पास झालो. दोन दिवस गल्लीत सांगत होते. मग आईने धरून नेलं तर तिथे बीपी 156/98. साखर ठीक आहे म्हणाले.

आता घरात सभा भरली आहे. काका म्हणतात, बेळगावला मोठ्या हॉस्पिटलात न्या, आपल्याकडे आयुष्मानचं कार्ड आहे, पैसा लागत नाही. मामा म्हणतो, गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चला. उपकेंद्रातल्या मॅडम म्हणतात, परत एकदा मोजायला या, मग पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना दाखवू. बाबा म्हणतात, मला काही होत नाही, तुम्हाला काम नाही.

बाबांचं वय 57, वजन 78. शेती भात, थोडा ऊस, काजूची झाडं. मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे उपकेंद्र, पीएचसी, तालुक्याचं हॉस्पिटल, सिव्हिल (जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल) यात कुणाचं काम काय? कार्ड कुठे चालतं? आणि मॅडम व्यायाम करा म्हणाल्या, तो कुठला?

खडेबाजार:

सरळ बेळगाव. उपकेंद्रात बसून काय मिळणार, नर्स बीपी बघेल आणि गोळी देईल. आमच्या वडिलांना एका खासगी दवाखान्यात नेलं, पहिल्याच दिवशी रक्त, ईसीजी, टू-डी इको सगळं झालं. साडेचार हजार गेले, पण डोक्याचा ताप गेला. कार्ड दाखवा, कदाचित तेही वाचतील.

काचपट्टी:

ताई, मी खानापूर तालुक्यात आरोग्य खात्यात होतो, आता निवृत्त. पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप आलाय का विचारायचं, बोटाला टोचून मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी घ्यायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तारीख टाकून सही करायची, ही माझी नोकरी. त्यामुळे हे खातं मला खालून वर दिसतं. खडेबाजारसाहेबांचं ऐकून गाडी काढण्याआधी माझं थोडं वाचा.

पहिलं ते गुण. त्या फॉर्मात 4 च्या वर गेलं की माणसाला तपासणीला आधी बोलवायचं, एवढाच त्याचा अर्थ. पुरुषाची कंबर 90 च्या वर आणि 100 पर्यंत असली की 1 गुण. तंबाखू रोजची असली तर 2. आई-वडील-भावंडांत बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर 2. तुमचे आजोबा बीपीचे असतील तर इथेच 5 झाले, वयाचे गुण अजून बाकी आहेत. आशाताईंनी बरोबर केलं.

आता कोण काय करतं. सपाट भागात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. तिथे एएनएम, म्हणजे सरकारी नर्सताई असतात, आता कर्नाटकात त्यांना पीएचसीओ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ही असतात, त्या नर्सिंग शिकून वरचं प्रशिक्षण घेतलेल्या. पूर्वी उपकेंद्र म्हणजे बाळंतपण आणि लसीकरण. 2018 नंतर तिथे 30 वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आली. बोर्डावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' दिसलं तर ते हेच.

त्याच्या वर पीएचसी. 30,000 लोकांना एक, डोंगरी भागात 20,000 ला एक. एमबीबीएस डॉक्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन. ही कल्पना आजची नाही, 1946 च्या भोर समितीच्या अहवालातली आहे: गावाजवळ डॉक्टर, आणि त्याच डॉक्टरने रोग येऊ नये म्हणूनही बघायचं. बाबांच्या बीपीचं घर हे. गोळी इथे लिहून मिळते आणि महिन्याची फुकट मिळते. त्याच्या वर सामुदायिक केंद्र आणि तालुका हॉस्पिटल, तिथे तज्ज्ञ डॉक्टर, एक्स-रे, ईसीजी. बेळगावचं सिव्हिल सगळ्यात वर, 2005 पासून ते बिम्स मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. तिथे सकाळच्या ओपीडीची रांग तुम्ही बघितलीच असेल. त्या रांगेत निम्मी माणसं अशी असतात की त्यांचं काम गावात झालं असतं. सिव्हिलवर ओरडणाऱ्यांनी हे कधी मोजलेलं नसतं.

कार्डाचं ऐका, कारण इथे बेळगावापासून लोंढ्यापर्यंत सगळे फसतात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना भरती झाल्यावरची आहे. शस्त्रक्रिया, ॲडमिट होऊन उपचार. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. एपीएल (रेषेवरचे) असाल तर ठरलेल्या दराच्या 30 टक्के सरकार देतं, तेही कुटुंबाला वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. ओपीडीत जाऊन डॉक्टरला दाखवणं, रक्त तपासणं, महिन्याची गोळी, यातलं काही कार्डावर होत नाही. खडेबाजारसाहेबांचे साडेचार हजार कार्ड दाखवून एक रुपयानेही कमी झाले नसते. आणि योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात मोठं ऑपरेशन करायचं झालं तरी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. फक्त इमर्जन्सीला लागत नाही. म्हणजे ज्याने पीएचसीत कधी पाऊल टाकलं नाही, तो ऐन वेळी रेफरलच्या चिठ्ठीसाठी तिथेच येऊन उभा राहतो.

बांबोळीबद्दल मामांना सांगा की गोवा मेडिकल कॉलेजने 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं आहे. चोर्ला घाट ओलांडून, पैसे भरून, तिथे मिळणार काय? बीपीची गोळी. दुसरं कुणीतरी इथे येऊन महाराष्ट्राची योजना सांगेलच म्हणून आधीच लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये घेतला, कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, त्यावर राजकारण झालं. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की तीही मुळात भरती-शस्त्रक्रियेची योजना आहे. बाबांना आज कुठल्याच सरकारच्या कार्डाची गरज नाही.

मॅडम परत मोजायला बोलावतात ते टाळाटाळ म्हणून नाही. एका दिवसाच्या आकड्यावर बीपीचा शिक्का मारत नाहीत, निदान दुसऱ्या दिवशीचा आकडा लागतो. त्या दिवशी अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून जायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. बाबा मोटारसायकलवरून उतरले आणि लगेच हात पुढे केला असेल तर 156 मधले थोडे रस्त्याचे असू शकतात. दोन्ही वेळा 140/90 च्या वर राहिलं तर डॉक्टर औषध सुरू करतील.

आणि छातीत दाब, धाप, तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर हे उपकेंद्र-पीएचसी सगळं विसरा. 108. अर्धांगवायूत गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, उशीर झाला की ते देता येत नाही.

व्यायामाचं रात्री लिहितो, आता भजनाला जायचं आहे.

शिवारातली:

काका, खूप खूप आभार. कार्डाचं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते उठून गोठ्यात गेले.

व्यायामाला बाबा अजिबात तयार नाहीत. "आयुष्यभर शेतात राबलो, आता बेळगावच्या शेठजींसारखं चालायला जाऊ काय?" असं म्हणतात. गुडघा दुखतो हेही कारण आहे, त्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी खातात. ती चालेल का बीपीच्या गोळीबरोबर?

लाल माती:

ताई, चालणं वगैरे म्हाताऱ्यांना. शेतकरी गडी हाय तर जोर-बैठका घालू दे. मी कंग्राळीचा, लहानपणापासून तालमीत. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघून पोरं मोठी झाली आमची. 25 जोर, 50 बैठकांनी सुरुवात, महिन्यात कंबर 90 च्या आत. बीपी-बीपी काय नसतंय.

काचपट्टी:

लाल मातीवाले, तालमीबद्दल मला आदरच आहे, पण 57 वर्षांच्या, बीपी ताब्यात नसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जोर घालायला लावू नका. जोर लावताना आपण श्वास कोंडतो. श्वास कोंडून ताकद लावली की त्या क्षणाला बीपी एकदम वर उडतं. तुमच्या विशीतल्या नसांना ते चालतं. 180/110 च्या वर आकडा असेल तर व्यायाम सुरूच करायचा नसतो, आधी औषधाने खाली आणायचं. बाबा तिथे नाहीत, पण आकडा पक्का झाल्याशिवाय दंड थोपटायचे नाहीत.

ताई, गुडघ्याची गोळी पीएचसीत पाकिटासकट दाखवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं, किडनीलाही त्रास होतो. अर्धं गाव या गोळ्या खातं, वर भातलावणीच्या दिवसांत पाकीट खिशात असतं, आणि मग म्हणतात बीपीच्या गोळीने उतरत नाही. डॉक्टरांना हे कुणी सांगतच नाही, कारण मेडिकलमधून आणलेली गोळी ही औषधात धरत नाहीत.

आता बाबांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे आणि तसं त्यांना सांगा, नाहीतर ते ऐकणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम मेहनत सांगते, आणि त्यात शेतातलं काम धरलेलं आहे. जूनमध्ये चिखलणी, लावणी, पुढे कापणी, मळणी, तेव्हा बाबांचे 150 दोन दिवसांत पुरे होतात. पण वर्षाचा हिशेब मांडा. चिखलणी आता पॉवर टिलर करतो. शेतात जायला मोटारसायकल. ऊसतोडीला टोळी. काजूला वाकून वेचायला बायका. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत बाबा किती चालतात ते एक दिवस नुसतं बघा. माझे वडील त्याच शेतात गुरांच्या मागे दिवसभर फिरायचे. शेती तीच, पाय थांबलेत.

म्हणून 'व्यायाम' म्हणूच नका. मोटारसायकलची किल्ली लपवा. शेत मैलभर असेल तर जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास होतो, आठवड्यातून पाच दिवस झालं की 150 चा हिशेब संपला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच झाली तरी चालेल, पण रोज. वेग किती? बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येता कामा नये. सुरात 'रूप पाहता लोचनी' म्हणता येत असेल तर पाय उचलायचे. एक वाक्यही धापेशिवाय येत नसेल तर थांबायचं. ही फुकटातली मोजपट्टी आहे, मनगटावरचं घड्याळ लागत नाही.

चालण्याने सगळं होत नाही, हे मात्र लोक विसरतात. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना वजन लागलं पाहिजे. गुडघा दुखतो तो बऱ्याचदा मांडी ढिली पडल्यामुळे जास्त दुखतो. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. आठ-दहा वेळा, दम खाऊन परत एकदा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. ही लाल मातीवाल्यांची बैठकच आहे, फक्त खुर्ची मध्ये घातली. भिंतीला हात टेकून ढकलायचं, तो उभा जोर. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, पुढे 65 नंतर तोल सांभाळायला उपयोगी पडतं, पडून खुबा मोडणारी माणसं मी खूप पाहिली. महिन्या-दोन महिन्यांनी बीपी बसलं की लाल मातीवाल्यांकडे पाठवा, माझी हरकत नाही.

बेळगावच्या शेठजींचं म्हणाल तर टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर पहाटे चालणाऱ्यांत मला बसचे ड्रायव्हर, मास्तर, रिटायर्ड फौजी, सगळेच भेटतात. एके काळी तिथे देवीची लस तयार व्हायची, आता लोक बीपी उतरवायला येतात. खात्याची जागा खात्याच्याच कामाला आली म्हणायची.

मीठ दिवसाला एका माणसाला एक छोटा चमचा, 5 ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड-सुकी मासळी धरून. तंबाखू सोडायला 1800112356 हा सरकारी फोन नंबर आहे, फुकट. बाबा फोन करणार नाहीत हे मला माहीत आहे, तुम्ही लावून हातात द्या.

रानफूल:

मी आशा म्हणून काम करतो, तालुका सांगत नाही. काचपट्टी काकांनी बरोबर लिहिलंय, फक्त एक राहिलं. कंबर मोजायला टेप काढला की गडी माणसं हसत्यात, बायका आत पळत्यात. "आमचं काय मोजतीस, कापड शिवालीस काय?" म्हणत्यात. आम्हाला पगार नाही, मानधन, तरी परत परत जातो.

ताई, तू सगळं बाबांचं लिहिलंस. आईचा फॉर्म कुठाय? 30 च्या वरच्या सगळ्यांचा भरायचा असतोय. बायकांची कंबर 80 च्या वर गेली की गुण पडत्यात, गड्यांची 90 ला. आईने बाबांना धरून नेलं, स्वतः मोजून घेतली काय? माझ्या गावात दहा घरांत आठ घरी हेच. नवऱ्याचं बीपी बाईला पाठ, स्वतःचं माहीत नाही. तोंड, छाती आणि खालची तपासणी पण उपकेंद्रातच होती, बाई माणूसच करती, लाजायचं काम नाही.

शिवारातली:

आत्ताच आईला विचारलं. फॉर्मच्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती, "माझं नंतर घ्या" म्हणाली होती. बीपी शेवटचं माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मोजलेलं, तो आता कॉलेजला आहे.

काचपट्टी:

रानफूलताईंना नमस्कार. मीही बाबांच्याच मागे लागलो होतो.

भारतात मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्मी पुरेशी हालचाल करत नाहीत असा 2022 चा अंदाज आहे, त्यात पुरुष 42 टक्के आणि बायका 57. घरकाम म्हणजे दिवसभर उभं राहणं, वाकणं, पण सलग अर्धा तास पाय उचलून चालणं त्यात बसत नाही. गावातली बाई नुसती चालायला निघाली तर चार जण विचारतात, कुठे निघालीस? म्हणून दोघांनाच एकत्र शेतात पाठवा. जाताना आईने वेग धरायचा, बाबांनी मागून यायचं. तुमच्या लिहिण्यावरून बाबा तिलाच जरा भितात असं दिसतं.

शिवारातली:

😀 तेवढं खरं. सोमवारी दोघांना उपकेंद्रात नेते, सुट्टी टाकली आहे. एक शेवटचं: गोळी सुरू झाली आणि बीपी उतरलं तर बंद करता येते का? आमच्या काकांच्या मते एकदा सुरू झाली की आयुष्यभर चिकटते, म्हणून सुरूच करू नये.

काचपट्टी:

बीपी उतरलं ते गोळीमुळे उतरलं, म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. हीच चूक करून लोक अर्धांगवायू घेऊन सिव्हिलला जातात. वजन उतरलं, मीठ-तंबाखू सुटली, पायांना सवय लागली आणि आकडा महिनोन्महिने खाली राहिला तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंदही करतात, ते त्यांनी ठरवायचं. बहुतेक अॅम्लोडिपिन देतील. पाऊल-घोट्याला सूज आली तर घाबरायचं नाही, गोळी टाकायचीही नाही, जाऊन दाखवायचं, दुसरी देतात.

सोमवारी जाताना दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकीट घ्या. चिठ्ठी कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असते. घरी कुणाला वाचता येत नसेल तर गोळी सकाळी की रात्री आणि परत कधी यायचं, ते मॅडमसमोरच पाकिटावर मराठीत लिहून घ्या. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि महिना संपायच्या चार दिवस आधी पुढच्या गोळ्यांना जा. कधी साठा संपलेला असतो, तेव्हा हातात चार दिवस असलेले बरे.